टँकमध्ये डायनो आले? आधी पाणी बदलणं थांबवा

रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, नको असलेलं काही उगवलं की त्यावरचे उपाय ठरलेले असतात. माशांचं खाणं कमी करा, पाणी बदला, फॉस्फेट शोषणारं माध्यम लावा, आणखी चार गोगलगायी आणून सोडा. हिरव्या शेवाळावर हे चालतं. डायनोफ्लॅजेलेटवर, म्हणजे रीफवाल्यांच्या बोलीत डायनोंवर, हेच केलं की आठवड्याभरात वाळूवरचा तपकिरी थर खडकावर चढतो, कोरलच्या फांद्यांवरून लोंबायला लागतो आणि आणलेल्या गोगलगायी उलट्या पडून मरतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पाणी जितकं 'स्वच्छ' तितके डायनो खूश. हे एवढं एक डोक्यात बसलं तर पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप पटतील.

डायनो म्हणजे जिवाणू नव्हेत आणि वनस्पतीही नव्हेत. हे एकपेशीय जीव आहेत. बहुतेकांना चाबकासारखे दोन बारीक धागे असतात. बऱ्याच जातींत एक कमरेभोवतीच्या खाचेत फिरतो, दुसरा मागे वळवळतो, त्यामुळे ते गिरक्या घेत पोहतात. समुद्रात यांच्या हजारो जाती आहेत. रात्री लाटांमध्ये निळी चमक दिसते ती बऱ्याचदा यांच्याच एका भाऊबंदाची. तुमच्या कोरलच्या पेशींत राहून त्याला अन्न पुरवणारी झूझँथेली हीसुद्धा डायनोफ्लॅजेलेटच. तेव्हा टँकमध्ये डायनो 'येतात' असं म्हणणं तितकंसं खरं नाही. थोडेफार असतातच, कोरलच्या तुकड्याबरोबर किंवा खडकाबरोबर ते केव्हाच आलेले असतात. प्रश्न सुरू होतो त्यांना अडवणारं कुणी उरलं नाही की.

अडवणारे म्हणजे जिवाणू, डायटम (सिलिकाचं कवच असलेलं एकपेशीय शेवाळ), हिरवं शेवाळ, कोपेपॉड (बारीक कवचधारी जीव). त्यांतल्या बहुतेकांना पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट लागतं. ते शून्यावर गेलं की बाकीचे उपाशी मरतात. डायनोंचं मात्र प्रकाशावरही भागतं आणि त्यांतले बरेच जिवाणू किंवा इतर सूक्ष्मजीव खाऊनही जगतात. मोकळं रान मिळाल्यावर मग काय. म्हणूनच डायनोंचा उद्रेक बहुतेक वेळा एकाच साच्याचा असतो: कोरड्या खडकावर सुरू केलेला, काही महिन्यांचा टँक, मासे दोन-तीन, स्किमर (हवेच्या फेसाने पाण्यातली घाण बाहेर काढणारं यंत्र) गरजेपेक्षा दणकट, शिवाय फॉस्फेट रिमूव्हर चालू. कोरडा खडक नवा असताना स्वतःच फॉस्फेट शोषून घेतो आणि त्यावर जीवसृष्टी म्हणावी अशी काही नसते. मालक मात्र रोज शून्य-शून्य रीडिंग बघून समाधानात असतो.

हात घालण्यापूर्वी

डायनोंच्या काही जाती विषारी असतात. टँकमध्ये नेहमी सापडणारी ऑस्ट्रिऑप्सिस त्यांत सगळ्यात पुढे. तिचं विष पॅलीटॉक्सिन या अतिशय घातक विषाच्या कुळातलं. २००५च्या उन्हाळ्यात इटलीतल्या जेनोआच्या किनाऱ्यावर हीच प्रजाती फोफावली होती आणि समुद्राच्या तुषारांमुळे ताप, खोकला, श्वासाचा त्रास होऊन सुमारे २०० लोकांना दवाखाना गाठावा लागला होता. घरच्या टँकमध्ये तसं काही होण्याची शक्यता कमी, पण नियम पाळायचे: हातमोजे घाला, डोळ्यांवर चष्मा ठेवा, हाताला जखम असेल तर काम दुसऱ्याला सांगा. नळीने पाणी ओढताना तोंड लावायचं नाही, कधीच नाही. डायनो किंवा झोअँथिड (बटणासारखी मऊ कोरल) असलेला खडक उकळत्या पाण्यात टाकून 'निर्जंतुक' करायचा उद्योग तर अजिबात नको. त्या वाफेने माणसं गंभीर आजारी पडल्याची उदाहरणं आहेत.

पहिली पायरी: हे डायनोच आहेत का?

तपकिरी दिसतंय म्हणजे डायनो असं नाही. नव्या टँकमध्ये पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर जी तपकिरी धूळ बसते ती डायटमची. ती हाताने सहज उडते, गोगलगायी ती आवडीने खातात आणि काही दिवसांत ती आपणहून जाते. सायनो म्हणजे जिवाणूंची चादर: लालसर-जांभळी किंवा गडद हिरवी. चिमटीत धरली की अख्खा पापुद्रा निघून येतो.

डायनो शेंबडासारखे असतात. दुसरा सभ्य शब्द सुचत नाही आणि शोधायची गरजही नाही. सोनेरी-तपकिरी, चिकट तारा; प्रवाहात डोलणाऱ्या, टोकाला हवेचा बुडबुडा धरलेल्या. दिवे लागल्यावर तीन-चार तासांनी एखाद्या फांदीकडे काचेला नाक लावून बघा. तार खालून जाड, वर जाताना केसाएवढी बारीक, आणि शेंड्याला मोहरीएवढा बुडबुडा तिला ताणून उभा धरतोय. तो बुडबुडा प्राणवायूचा. पेशी प्रकाशसंश्लेषण करताहेत त्याचा.

सगळ्यात बोलकी खूण म्हणजे दिवस-रात्रीचा फरक. संध्याकाळी टँक घाण, रात्री दिवे बंद, सकाळी दिवे लागायच्या आधी बघाल तर वाळू बरीचशी पांढरी. दुपारपर्यंत पुन्हा येरे माझ्या मागल्या. सायनोही रात्री थोडा ओसरतो, पण इतका नाही. गोगलगायी सुस्तावणं, काचेवरून पडणं, पटापट मरणं हेही डायनोंकडेच बोट दाखवतं.

खात्रीसाठी घरच्या घरी एक चाचणी करता येते. पिचकारीने थोडा चिकटा टँकच्याच पाण्यासकट बाटलीत घ्या, झाकण लावून मिनिटभर जोरात हलवा, म्हणजे तारा मोडून पाणी नुसतं गढूळ होईल. ते कॉफी फिल्टरमधून किंवा जाड टिश्यू पेपरमधून काचेच्या ग्लासात गाळा. खाली आलेलं पाणी जवळपास नितळ दिसेल. आता ग्लास दिव्याखाली तासभर ठेवा. पुन्हा तारा आणि गुठळ्या जमायला लागल्या तर डायनो. सायनोचे तंतू कागदावरच अडकतात, डायटम पुन्हा असे गोळा होत नाहीत.

दुसरी पायरी: सूक्ष्मदर्शक

ही पायरी नवीन माणूस हमखास गाळतो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे आणि वेळ इथेच वाया जातो. कारण डायनोंच्या वेगवेगळ्या प्रजातींवर वेगवेगळे उपाय लागतात. एकावर रामबाण असलेला उपाय दुसऱ्यावर शून्य. शाळकरी मुलांचा साधा सूक्ष्मदर्शक पुरतो, फक्त ४०० पट मोठं दिसायला हवं. एक थेंब काचपट्टीवर, वर झाकणकाच, आणि मोबाइल भिंगाला टेकवून व्हिडिओ. फोटो नको, व्हिडिओच. ओळख पटते ती आकारावरून तितकीच हालचालीवरून.

ऑस्ट्रिऑप्सिस: अश्रूच्या थेंबासारखा आकार, एका टोकाला निमुळता. निमुळतं टोक कशाला तरी बांधल्यासारखं एका जागी, आणि बाकीचं अंग त्याभोवती गरगर फिरतंय किंवा झोके घेतंय. एकदा पाहिलं की पुन्हा चुकत नाही. तारा आणि बुडबुडे सगळ्यात जास्त हिचेच. गोगलगायींवर सगळ्यात जड जाणारीही हीच.

कूलिया: हालचाल बरीचशी तशीच, पण आकार गोलसर. लहान शेंगदाणा आणि वाटाणा यांत जेवढा फरक तेवढाच.

प्रोरोसेंट्रम: चपटा, अंडाकृती किंवा बदामासारखा, मध्यभागी बऱ्याचदा गोल ठिपका. कमरेची खाच नाही, दोन्ही धागे एकाच टोकातून निघतात. वाळूवर आणि खडकावर चिकट थर करतो.

अँफिडिनियम: चपटा अंडाकृती, पुढच्या टोकाला छोटीशी वाकडी चोच. बांधल्यासारखा फिरत नाही, मनमोकळा सरकत राहतो. यात मोठ्या पेशींचा आणि छोट्या पेशींचा असे दोन प्रकार टँकमध्ये दिसतात. मोठ्या पेशींचा वाळूतच राहतो, तारा फारशा करत नाही, वाळूवर गंजासारखे डाग पाडतो. तो दिवे गेल्यावर पाण्यात वर येत नाही, वाळूत खाली उतरतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दिसणाऱ्या पेशी लांबट, काचेसारख्या पारदर्शक आणि सरळ रेषेत घरंगळणाऱ्या असतील तर ते डायटम. तिथेच थांबा, काही करू नका. नुसत्या हिरवट दोऱ्याच दोऱ्या दिसल्या तर सायनो.

तिसरी पायरी: काय काय बंद करायचं

पाणी बदलणं बंद. ताज्या मिठाच्या पाण्यातून डायनोंना सूक्ष्म घटकांचा खुराक मिळतो आणि उरलंसुरलं नायट्रेट-फॉस्फेट पातळ होतं. पाणी बदलल्यावर दुसऱ्या दिवशी जोमाने वाढले, हा अनुभव डायनोवाल्या जवळजवळ प्रत्येकाचा असतो. फॉस्फेट रिमूव्हर काढून टाका. व्होडका, व्हिनेगर, बायोपेलेट असं कार्बन डोसिंग (जिवाणूंना कार्बन देऊन त्यांच्याकरवी नायट्रेट-फॉस्फेट कमी करणं) चालू असेल तर ते हळूहळू उतरवत बंद करा. अमिनो आम्लं आणि ट्रेस एलिमेंटच्या बाटल्या कपाटात. रिफ्युजियममध्ये (शेवाळासाठी ठेवलेल्या जोडटाकीत) शेवाळ वाढवत असाल तर त्याचे दिव्याचे तास निम्मे करा किंवा तात्पुरता दिवाच बंद करा. तेही तुमचं नायट्रेट खात असतं.

स्किमर बंद करू नका. डायनो रात्री प्राणवायू ओढतात, मोठ्या संख्येने मेले तर आणखी ओढला जातो, अशा वेळी स्किमरची हवा मासे वाचवते. फार तर कप काढून चालवा, म्हणजे हवा मिळेल पण पोषण बाहेर जाणार नाही.

पाणी बदलणं थांबलं म्हणून टँककडे पाठ फिरवायची नाही. कोरल कॅल्शियम आणि केएच (पाण्याची अल्कधर्मिता) वापरतच राहणार. केएच दोन-तीन दिवसांनी मोजा, ८च्या आसपास स्थिर ठेवा. पोषण कमी असलेल्या पाण्यात केएच १०-११ला नेलं तर फांद्यांची टोकं जळतात, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. उडालेल्या पाण्याची भर मात्र नेहमीसारखी आरओ-डीआयच्या, म्हणजे गाळून क्षार काढलेल्या पाण्यानेच.

चौथी पायरी: नायट्रेट आणि फॉस्फेट वाढवायचं

इथे जरा निवांत बसा, सगळ्या लढाईचा कणा हाच आहे.

गाठायचं काय? नायट्रेट ५ ते १० पीपीएम (दर लिटरला मिलिग्रॅम), फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएम. दोन्ही एकाच वेळी, आणि सलग. आज आहे, उद्या शून्य, परवा पुन्हा डोस असं चाललं तर उपयोग नाही. मोजायला फॉस्फेटचं डिजिटल मीटर असेल तर उत्तम, कारण रंगाच्या पट्टीवर ०.०० आणि ०.०४ यांतला फरक डोळ्याला कळत नाही. काही मीटर फॉस्फेटऐवजी फॉस्फरस पीपीबीत (पीपीएमच्या हजाराव्या भागात) दाखवतात. तो आकडा ३.०६६ने गुणा आणि १०००ने भागा, की फॉस्फेट पीपीएममध्ये मिळतं. मीटर १६ दाखवत असेल तर फॉस्फेट ०.०५च्या जवळ.

पहिला मार्ग खाण्याचा. माशांना दिवसातून दोन-तीनदा मनसोक्त खायला द्या, गोठवलेलं अन्न न निथळता टाका. मासे कमी असतील तर नुसत्या खाण्यावर आकडे हलायला फार वेळ लागतो आणि कोपऱ्यात अन्न कुजतं. म्हणून मी तरी मोजून डोस देण्याच्या बाजूचा आहे. त्यासाठी तयार बाटल्या मिळतात, किंवा शुद्ध क्षार आणून घरी द्रावण करता येतं.

नायट्रेटसाठी सोडियम नायट्रेट १३७ ग्रॅम मोजून घ्या, आरओ-डीआय पाण्यात विरघळवा आणि एकूण द्रावण १ लिटर करा. यातला १ मिली १०० लिटर पाण्यात नायट्रेट १ पीपीएमने वाढवतो. टँकमध्ये प्रत्यक्ष पाणी २०० लिटर असेल आणि ५ पीपीएम वाढवायचं असेल तर १० मिली. फॉस्फेटसाठी ट्रायसोडियम फॉस्फेटचा बारा जलरेणूंचा प्रकार, म्हणजे डोडेकाहायड्रेट, ४ ग्रॅम घेऊन त्याचंही १ लिटर द्रावण करा. यातल्या १ मिलीत १ मिलिग्रॅम फॉस्फेट. २०० लिटरला ०.०५ पीपीएमसाठी १० मिली. पाणी मोजताना खडक आणि वाळूची जागा वजा करायला विसरू नका. क्षार खाद्य किंवा प्रयोगशाळेच्या दर्जाचे घ्या. फरशी धुण्याच्या पावडरीवर ट्रायसोडियम फॉस्फेट लिहिलेलं असतं, त्यात साबणही असू शकतो.

एका दिवसात सगळं ओतायचं नाही. नायट्रेट रोज १-२ पीपीएम, फॉस्फेट रोज ०.०२-०.०३, जोरदार प्रवाहात, थेंब-थेंब. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मोजा.

आता नवखा माणूस जिथे घाबरतो ती जागा. तुम्ही ०.०३चा डोस दिलात आणि दुसऱ्या दिवशी रीडिंग पुन्हा ०.०१. वाटतं, किट बिघडलं. किट ठीक आहे. कोरडा खडक फॉस्फेट पितोय. त्याचं पोट भरेपर्यंत हे चालणार, कधी आठवडाभर, कधी महिनाभर. रोज मोजा, रोज द्या, वहीत लिहा. एके दिवशी आकडा टिकेल. त्या दिवसापासून डोस लगेच निम्मा करा, नाहीतर तो सुसाट वर जाईल.

आकडे वर गेल्यावर पहिले काही दिवस डायनो वाढल्यासारखेही वाटतात. डोस बंद करू नका. काचेवर हिरवा पातळ थर दिसायला लागला की बाकीची जीवसृष्टी जागी होतेय असं समजा. एरवी ज्या हिरव्या थराला आपण कंटाळतो तो आता पुसायचा नाही. फक्त पुढची काच साफ ठेवा, बाजूच्या आणि मागच्या सोडून द्या.

पाचवी पायरी: हाताने काढणं आणि अंधार

रोज, दिवे जाण्याच्या तासभर आधी, डायनो सगळ्यात दाट असताना, पातळ नळीने तारा ओढून काढा. नळीचं दुसरं टोक ५ किंवा १० मायक्रॉनच्या फिल्टर सॉकमध्ये (गाळणीच्या कापडी पिशवीत) सोडा आणि गाळलेलं पाणी परत टँकमध्ये, म्हणजे पाणी बदललं असं होत नाही. जाड विणीच्या सॉकमधून पेशी सरळ निसटतात. सॉक दरवेळी काढून गोड्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळवा. कोरलवरचा चिकटा पिचकारीने उडवत चला. फांदीच्या बुडाशी तो साचून राहिला तर तिथली कातडी जाते.

दिव्यांचे तास कमी करा, पांढरे आणि लाल चॅनेल बंद ठेवून काही आठवडे फक्त निळ्यावर चालवा. संपूर्ण अंधार, म्हणजे टँक तीन दिवस जाड कापडाने झाकणं, हा उपाय फार लोकप्रिय आहे. तिसऱ्या दिवशी कापड काढल्यावर टँक आरशासारखा दिसतो आणि माणूस भुलतो. मागे पोषण शून्यच असेल तर दहा दिवसांत सगळं मूळ पदावर. अंधाराने त्यांची संख्या पडते, ते संपत नाहीत. काही डायनो तर प्रतिकूल काळात कवच करून निपचित पडून राहतात. तेव्हा अंधार करायचाच तर नायट्रेट-फॉस्फेट टिकायला लागल्यावर करा, सोबत यूव्ही (अतिनील दिव्याने पाण्यातले जीव मारणारं यंत्र) चालू ठेवा आणि हवेचा दगड (बुडबुडे सोडणारा) टाका.

मेलेल्या पेशींतून विष सुटतं. या सगळ्या काळात सक्रिय कार्बन चालू ठेवा आणि नेहमीपेक्षा लवकर बदला. उरलेल्या गोगलगायी आणि समुद्री अर्चिन दुसऱ्या छोट्या डब्यात हलवा. मेलेली गोगलगाय दिसली की लगेच काढा.

सहावी पायरी: प्रजाती बघून हत्यार

ऑस्ट्रिऑप्सिस, कूलिया आणि छोट्या पेशींचा अँफिडिनियम रात्री पृष्ठभाग सोडून पाण्यात तरंगायला जातात. सकाळी वाळू पांढरी दिसते ती यामुळेच. मग तिथेच गाठायचं: यूव्ही स्टरिलायझरने. पण जोडणीत बहुतेकांचं गणित चुकतं. यूव्हीने पाणी थेट मुख्य टँकमधून घ्यावं आणि थेट मुख्य टँकमध्ये परत सोडावं. सम्पमध्ये, म्हणजे टँकखालच्या उपकरणांच्या टाकीत, लावलेला यूव्ही सम्पचं पाणी पुन्हा पुन्हा धूत बसतो आणि वरचे डायनो मजेत असतात. आकाराचा ढोबळ हिशेब: दर १० ते १२ लिटरला १ वॉट. उत्पादक डब्यावर 'इतक्या लिटरसाठी' म्हणून छापतात तो आकडा बहुधा गोड्या पाण्यातल्या हिरवट गढूळपणासाठी असतो, त्याच्या भरवशावर राहू नका. प्रवाह संथ, ताशी टँकच्या पाण्याच्या दीड-दोन पट. दिवे जाताना पिचकारीने खडक आणि वाळूचा वरचा थर झटका, पॉवरहेड (टँकमधला प्रवाहाचा पंप) चालू राहू द्या, म्हणजे जास्तीत जास्त पेशी पाण्यात येतील. प्रजाती बरोबर ओळखली असेल तर चार-सहा दिवसांत फरक दिसतो. प्रोरोसेंट्रमवर यूव्हीचा गुण अर्धामुर्धा. तिथे हाताने काढण्यावर भर.

मोठ्या पेशींच्या अँफिडिनियमवर यूव्ही लावणं म्हणजे निव्वळ वीजबिल. तो वाळूतून बाहेरच येत नाही. त्याच्यासमोर प्रतिस्पर्धी उभा करावा लागतो: डायटम. डायटमना कवचासाठी सिलिकेट लागतं आणि आपण तेच आरओ-डीआयने काढून टाकत असतो. सोडियम सिलिकेटचं पातळ द्रावण देऊन पाण्यात सिलिकेट १ ते २ पीपीएम राखायचं, सोबत नायट्रेट आणि फॉस्फेट वर सांगितल्याप्रमाणे. सोडियम सिलिकेट कडक अल्कधर्मी असतं, आरओ पाण्यात भरपूर पातळ करून प्रवाहातच घाला. काचेवर तपकिरी धूळ बसायला लागली, दोन दिवसांतून काच पुसावी लागली, की डायटमनी जागा धरली. वाळूतून अँफिडिनियम मागे हटायला तीन-चार आठवडे सहज लागतात. या काळात वाळू उपसायची नाही, ढवळायची नाही. डायटमना बूड स्थिर लागतं.

सातवी पायरी: शेजारी आणा

जिवंत, जुन्या टँकमधला एखादा खडक, मूठभर वाळू, कोपेपॉड, जिवंत फायटोप्लँक्टन (पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ), बाटलीतले जिवाणू. यांतला खडक सगळ्यात मोलाचा, कारण त्यावर बाटलीत न मावणारे शेकडो प्रकार असतात. देणाऱ्याच्या टँकमध्ये परजीवी किंवा चिवट शेवाळ नाही एवढं आधी बघून घ्या. यूव्ही चालू असेल तर जिवाणू आणि फायटो घालताना तो काही तास बंद ठेवा, नाहीतर पैसे दिव्यात जातील.

औषधांचं काय?

सायनोवर एरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविकं वापरतात. ती डायनोंवर चालत नाहीत, कारण डायनो जिवाणू नाहीत. मरतात ते त्यांचे प्रतिस्पर्धी. सायनो मारला आणि पंधरा दिवसांत डायनो आले, असं घडतं ते याच कारणाने. फ्लुकोनॅझोल ब्रायोप्सिससारख्या हिरव्या शेवाळासाठी आहे, इथे त्याचं काम नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडने काहींना तात्पुरता उतार पडतो, पण कोळंबी आणि नाजूक कोरलला ते झेपेलच असं नाही. शेवाळनाशक बाटल्या शेवटचा उपाय म्हणून ठेवा. त्या वापरूनही पोषण वाढवावं लागतंच, मग आधी तेच का करू नये?

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तिला निदान आठवडा द्या. सोमवारी यूव्ही, मंगळवारी अंधार, बुधवारी पेरॉक्साइड असं केलं तर गुण कशाने आला आणि कोरल कशाने गेलं, काहीच कळत नाही.

परत फिरताना

डायनो हटले की मोकळी जागा बहुतेक वेळा सायनो किंवा हिरवं केसाळ शेवाळ घेतं. लगेच फॉस्फेट रिमूव्हर लावायला धावू नका. सायनो वाळूवरून नळीने ओढता येतो. केसाळ शेवाळ हाताने उपटा. सलग तीन आठवडे संध्याकाळी एकही तार दिसली नाही आणि थेंबात पेशी शोधाव्या लागल्या, तर एक गोगलगाय सोडून बघा. चार दिवस ती काचेवर फिरत राहिली तर बाकीच्यांना परत आणा. दिव्यांचे तास दर आठवड्याला तासभराने वाढवा, पांढरा चॅनेल सगळ्यात शेवटी. पाणी बदलायला सुरुवात करताना एकदम मोठा हिस्सा नको, ५ टक्के बदला, आणि नवं पाणी टाकण्यापूर्वी त्यात टँकइतकंच नायट्रेट-फॉस्फेट मिसळून घ्या. यूव्ही पुढेही चालू ठेवायला हरकत नाही. त्याच्या दिव्याची ताकद साधारण वर्षभराने उतरते आणि काचेच्या नळीवर क्षार बसतात, तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी नळी व्हिनेगरने पुसा. नायट्रेट-फॉस्फेट मात्र दर आठवड्याला मोजत राहा, आणि फॉस्फेट ०.०३च्या खाली उतरताना दिसलं की त्याच दिवशी डोसची बाटली काढा.